खुराड्याचा वास : एका तक्रारीचा इतिहास

१

गेल्या पावसाळ्यात आमच्या गृहनिर्माण संस्थेच्या कार्यकारिणीने माझ्यावर एक किरकोळ काम सोपवले. तळमजल्यावर एकट्या राहणाऱ्या एका वृद्ध बाईंनी घरामागच्या चिंचोळ्या जागेत चार कोंबड्या पाळल्या आहेत. अंडी विकण्यासाठी नव्हे, सोबतीसाठी. प्रत्येकीला नाव आहे आणि हाक मारली की ती येते. जुलैच्या संततधारेत त्या जागेतून वास येऊ लागला आणि वरच्या दोन मजल्यांवरच्या खिडक्या बंद झाल्या. बाईंना लेखी सूचना द्यायची असे ठरले. 'सर, तुम्ही मराठी शिकवता, मसुदा तुम्हीच करा. कडक पण सभ्य हवा,' असे सचिवांनी सांगितले.

पहिले वाक्य लगेच सुचले : 'आपण पाळलेल्या कोंबड्यांच्या दुर्गंधीमुळे रहिवाशांना त्रास होत आहे.' वाक्य शुद्ध होते, कडक होते आणि सभ्यही होते. पण मी तिथेच अडलो. अडलो तो 'कोंबड्यांच्या' या षष्ठीपाशी. षष्ठी संबंध दाखवते असे आपण वर्गात शिकवतो. तो संबंध कोणत्या जातीचा, हे मात्र ती सांगत नाही. 'मोगऱ्याचा वास' म्हणताना वास मोगऱ्याच्या ठायी असतो. 'पावसाचा वास' म्हणताना तो पावसाचा नसतोच, भिजलेल्या मातीचा असतो. मग 'कोंबड्यांची दुर्गंधी' यातली षष्ठी मोगऱ्याची म्हणायची की पावसाची?

हा प्रश्न व्याकरणातील कीस काढण्याचा वाटेल. परंतु त्या एका विभक्तीवर सूचना कोणाला द्यायची हे अवलंबून होते, आणि त्या चार कोंबड्या राहणार की जाणार हेही. मसुदा बाजूला ठेवून मी खुराड्याच्या वासाविषयी वाचू लागलो. पुढील टिपण हे त्या वाचनाचे फलित आहे. माझ्यापुरता निष्कर्ष आधीच सांगून टाकतो : गेल्या दोन हजार वर्षांत या वासावरचे उपाय फारसे बदललेले नाहीत. बदलत गेले ते दुसऱ्याच एका प्रश्नाचे उत्तर, की वासाची तक्रार नेमकी कोणाच्या वतीने करायची?

२

आधी षष्ठीचा निकाल लावू. न्याय-वैशेषिक परंपरेत गंध हा पृथ्वीचा विशेष गुण मानला आहे. पाण्याला किंवा वाऱ्याला स्वतःचा गंध नाही. त्यांत जो जाणवतो तो त्यांत मिसळलेल्या पार्थिव अंशाचा. गंधाचे प्रकारही दोनच, सुरभि आणि असुरभि. संस्कृतच्या विद्यार्थ्यांना अन्नंभट्टाच्या 'तर्कसंग्रहा'तून हे वर्गीकरण परिचित असते. आधुनिक रसायनशास्त्राला ही मांडणी मान्य होणार नाही. पण वास कोणत्या द्रव्याचा आणि तो कोणाच्या संगतीने कुठे पोचतो, हे दोन प्रश्न वेगळे ठेवण्याची तिची शिस्त आपल्या कामाची आहे.

निरोगी, कोरड्या कोंबडीच्या पिसांत नाक खुपसून पाहिले तर धुळीचा आणि किंचित धान्यासारखा वास येतो. दुर्गंधी म्हणावी असे त्यात काही नसते. सस्तन प्राण्यांप्रमाणे पक्षी मूत्र वेगळे टाकत नाहीत. शरीरातील जास्तीचा नायट्रोजन ते मुख्यतः युरिक आम्लाच्या रूपात विष्ठेबरोबरच बाहेर टाकतात. शिटेवरचा पांढरा भाग तो हाच. युरिक आम्ल पाण्यात फारसे विरघळत नाही, आणि कोरडे राहिले तर नाकाला त्याची दखलही घ्यावी लागत नाही. मात्र ओल मिळाली की जिवाणू कामाला लागतात. युरिक आम्लापासून युरिया आणि युरियापासून अमोनिया तयार होतो. नवसागर आणि चुना एकत्र चोळल्यावर उठणारा, डोळ्यांत पाणी आणणारा जो वास शाळेच्या प्रयोगशाळेतून आपल्या ओळखीचा आहे, तोच हा. खाली दाबला गेलेला ओला थर हवेवाचून कुजू लागला तर त्यात गंधकयुक्त वायूंची भर पडते.

कोंबड्यांखाली अंथरलेल्या तुसात किंवा भुशात पाण्याचे प्रमाण साधारण २० ते २५ टक्के असेल तोवर ही क्रिया संथ असते. ते ३० टक्क्यांच्या पुढे गेले की ती झपाट्याने वाढते. अनुभवी कुक्कुटपालक हे उपकरणाशिवाय ओळखतात. मूठभर तूस दाबून हात उघडायचा. ते भुरभुरत सुटले तर ठीक, लाडू वळला तर ओल जास्त. दुर्गंधीला अशा रीतीने तीन गोष्टी लागतात : साचलेली विष्ठा, पाणी आणि कोंडलेली हवा. यांपैकी कोंबडी पहिली पुरवते, आणि तीही साचू द्यायची की नाही हे तिच्या हातात नसते. उरलेल्या दोन्ही गोष्टी जागा पुरवते, आणि जागा माणूस निवडतो.

षष्ठी अर्थातच पावसाची होती.

३

रानकोंबडी रात्री झाडावर बसते आणि दिवसभर विस्तीर्ण रान उकरत हिंडते. तिची विष्ठा पालापाचोळ्यात विखुरते आणि मातीत जिरते. रानात तिच्या वासाचा प्रश्न उद्भवत नाही. तो माणसाच्या शेजारी आल्यावर उद्भवला. हे शेजारपण केव्हा सुरू झाले याविषयी २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने जुने अंदाज बरेच अलीकडे आणले. पाळीव म्हणता येतील अशा कोंबड्यांची सर्वांत जुनी हाडे मध्य थायलंडमधील बान नोन वाट येथे सापडली असून ती सुमारे इ.स.पू. १६५० ते १२५० या काळातील आहेत. भात आणि भरड धान्ये पिकवणाऱ्या वस्त्यांत सांडलेल्या, साठवलेल्या दाण्यांकडे रानकोंबडी ओढली गेली असावी, असे त्या अभ्यासकांचे प्रतिपादन आहे. ती आपल्या उकिरड्यावर आली ती अशी. मराठीत कोंबडी आणि उकिरडा यांची जोडी अतूट आहे. पण उकिरडा तिने केला नव्हता, तो तिला तयार मिळाला, एवढे या जोडीत विसरले जाते.

खुराडे कसे असावे याचा तपशीलवार विचार इसवी सनाच्या पहिल्या शतकात कोल्युमेला या रोमन लेखकाने केला आहे. स्पेनमधील गादेस, म्हणजे आजचे कादिझ, हे त्याचे मूळ गाव. त्याच्या शेतीविषयक ग्रंथाच्या आठव्या भागात कोंबड्यांचे प्रकरण येते. खुराडे भट्टीला किंवा स्वयंपाकघराला लागून असावे, म्हणजे धूर पक्ष्यांपर्यंत पोचेल आणि तो त्यांना मानवतो, असे तो सांगतो. बसायच्या दांड्या जमिनीपासून उंच असाव्यात आणि पायाला विष्ठा चिकटून राहू नये, नाहीतर पक्ष्यांना पायाचे दुखणे जडते, अशी त्याची ताकीद आहे. पडवीच्या छपराखाली, भिंतीलगत कोरडी धूळ आणि राख ठेवावी, कारण कोंबड्या तिनेच अंग स्वच्छ करतात, असे सांगताना तो हेराक्लिटस या ग्रीक तत्त्वज्ञाचा हवाला देतो : डुकरे चिखलात न्हातात, कोंबड्या धुळीत.

धूर, उंची, कोरडी धूळ, राख आणि छप्पर. कोल्युमेलाला अमोनिया ठाऊक नव्हता, जिवाणू ठाऊक नव्हते. पण कोरडेपणा आणि खेळती हवा हे दोन्ही उपाय त्याच्या यादीत आहेत. लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी, की यांपैकी एकही उपाय तो माणसाच्या नाकासाठी सुचवत नाही. सर्व काही कोंबडीच्या प्रकृतीसाठी आहे. विष्ठेकडे तर तो संपत्ती म्हणून पाहतो : पक्ष्यांच्या खतांत कबुतराचे पहिले आणि कोंबडीचे दुसरे. एका राखणदाराने २०० कोंबड्यांपर्यंत सांभाळाव्यात, मात्र भटकणाऱ्या पक्ष्यांवर लक्ष ठेवायला एखादी कष्टाळू म्हातारी किंवा मुलगा असावा, असेही तो लिहितो. ही म्हातारी मला आमच्या तळमजल्यावरून ओळखीची वाटली.

त्यानंतर दीडेकशे वर्षांनी, इ.स. २०० च्या सुमारास संकलित झालेल्या मिश्ना या ज्यू धर्मसंहितेत तक्रारीचा सूर बदलतो. जेरुसलेममध्ये कोंबड्या पाळू नयेत, असा एक नियम तिथे आहे. त्यामागील कारण वासाचे नाही, पावित्र्याचे आहे. उकिरडा उकरणारा पक्षी अशुद्ध वस्तू चोचीने इकडून तिकडे नेतो आणि यज्ञीय अन्न विटाळते, ही ती भीती. त्याच संहितेत प्रेते, थडगी आणि चामडे कमावण्याचे कारखाने गावापासून ५० हात दूर ठेवावेत असा स्वतंत्र नियम आहे. नाकाला होणारा उपद्रव आणि विटाळ हे दोन्ही तिथे ओळखलेले आहेत, पण वेगवेगळे ठेवलेले आहेत.

आपल्याकडे मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात द्विजांना वर्ज्य ठरवलेल्या पदार्थांत ग्रामकुक्कुट येतो. त्याच्या शेजारी विष्ठा खाणारे डुक्कर, लसूण, कांदा आणि अळंबी आहेत. 'ग्राम' हे विशेषण बोलके आहे. आक्षेप पक्ष्याच्या जातीवर नाही, त्याच्या राहण्याच्या जागेवर आहे. जागेचा दोष असा आधी पक्ष्यात उतरतो, आणि मग पक्षी पाळणाऱ्यात, तो खाणाऱ्यात. दलित आत्मकथने शिकवणाऱ्या वाचकांना हे वेगळे सांगायला नको, की वस्ती गावकुसाबाहेर ढकलायची, तिथे पाणी आणि निचरा पोचू द्यायचा नाही, आणि मग तिथल्या वासाला माणसांचा वास म्हणायचे, ही षष्ठी आपल्या समाजाने किती सराईतपणे वापरली आहे.

४

वासाकडे रोगाचे कारण म्हणून पाहण्याची प्रवृत्ती जुनीच. पण तिला शासनाचे बळ मिळाले ते एकोणिसाव्या शतकातील इंग्लंडमध्ये. एडविन चॅडविक यांचा श्रमिकांच्या आरोग्यस्थितीवरील अहवाल १८४२ साली प्रसिद्ध झाला. कुजणाऱ्या पदार्थांतून उठणारी दूषित हवाच रोग पसरवते, अशी चॅडविक आणि त्यांच्या सहकाऱ्यांची ठाम समजूत होती. १८५८ च्या उन्हाळ्यात टेम्स नदीच्या दुर्गंधीने पार्लमेंटचे कामकाज असह्य केले आणि लंडनच्या भुयारी गटारांची योजना मार्गी लागली. कॉलरा पाण्यातून पसरतो हे जॉन स्नो यांनी १८५४ मध्येच दाखवून दिले होते; तरी नाकाचा अधिकार आणखी काही दशके टिकला. फ्रेंच इतिहासकार आलँ कोरबँ यांनी गंधाच्या सामाजिक इतिहासावरील आपल्या १९८२ च्या ग्रंथात जे दाखवले ते याच संदर्भातले : अठराव्या-एकोणिसाव्या शतकांत दुर्गंधी सहन करण्याची मर्यादा खाली आली, आणि वास न येणे ही प्रतिष्ठितांची खूण, तर वास येणे ही गरिबांची ओळख ठरू लागली.

गंमत अशी की त्याच इंग्लंडमध्ये, त्याच दशकात कोंबडी हा राजघराण्याचा छंद झाला होता. १८४० च्या दशकात आशियातून आणलेल्या मोठ्या, पिसाळ पायांच्या कोंबड्या राणी व्हिक्टोरियाकडे आल्या आणि विंडसर येथे त्यांच्यासाठी खास कुक्कुटगृह उभारण्यात आले. पाठोपाठ अमेरिकेत १८४९ साली बोस्टन येथे मोठे प्रदर्शन भरले आणि दुर्मीळ जातींच्या किमती इतक्या चढल्या की त्या वेडाचा उपहासात्मक इतिहास जॉर्ज बर्नम यांनी १८५५ मध्ये पुस्तकरूपाने लिहिला. गरिबाच्या अंगणातील कोंबडी सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न होती. श्रीमंताच्या बागेतील कोंबडी शोभेची वस्तू होती. पक्षी एकच, विष्ठा एकच. फरक एवढाच की विंडसरला जागा ऐसपैस होती आणि झाडायला नोकर होते.

या काळात वासावरचा खरा शोध लागला तो मात्र मातीत. यॉर्कशरचे शेतकरी एच. एस. थॉम्प्सन यांच्या प्रयोगांवरून प्रेरणा घेऊन जे. थॉमस वे या रसायनशास्त्रज्ञाने १८५० मध्ये दाखवले, की अमोनियायुक्त द्रव मातीतून गाळला तर माती अमोनिया धरून ठेवते. दशकभराने डॉर्सेट परगण्यातील फोर्डिंग्टनचे पाद्री हेन्री मूल यांनी हेच तत्त्व घरगुती वापरात आणले. पाण्याच्या शौचकूपाऐवजी कोरडी, चाळलेली माती टाकण्याच्या शौचकूपाचे पेटंट त्यांनी १८६० मध्ये घेतले. मातीने वास जातो आणि खतही मिळते, हा त्यांचा दावा खरा होता. खुराड्यात कोरडी माती पसरण्यामागचे कारणही तेच.

या शोधाचा आपल्याशी संबंध पोचतो तो इथे. ही 'कोरड्या मातीची पद्धत' १८६० च्या दशकात हिंदुस्थानातील लष्करी छावण्यांत आणि तुरुंगांत राबवली गेली. माती टाकणे कोणालाही जमते. पण ती मातीसकट उचलून वाहून नेणारे हात ठरलेल्या जातींचे होते. पद्धत वैज्ञानिक होती आणि तिच्यामुळे वास कमी झाला, यात शंका नाही. परंतु साहेबाच्या नाकापासून दूर गेलेला वास पूर्णपणे नाहीसा झाला नव्हता. तो दुसऱ्या कोणाच्या तरी डोक्यावरच्या टोपलीत गेला होता. दुर्गंधीच्या कोणत्याही उपायाला हा प्रश्न विचारावा लागतो : वास मिटला, की केवळ पत्ता बदलला?

५

विसाव्या शतकात कोंबडीचा वास देशभक्तीच्या आड आला नाही, हे पाहणे उद्बोधक आहे. पहिल्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेच्या कृषी खात्याने भित्तिपत्रके लावून नागरिकांना परसात कोंबड्या पाळण्याचे आवाहन केले. घरातील माणशी दोन कोंबड्या असा त्यांचा हिशोब होता. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनमध्ये अंड्यांवर नियंत्रण आले तेव्हा स्वतः कोंबड्या पाळणाऱ्यांना अंड्यांचा शिधा सोडून त्याऐवजी कोंबडीखाद्य घेण्याची सोय होती. तेव्हाही पाऊस पडत होता आणि तेव्हाही अमोनिया तयार होत होता. पण शेजाऱ्याच्या परसातील वास हा शेजाऱ्याच्या कर्तव्यदक्षतेचा वास होता. नाक सहन करायला शिकते. त्याला कारण पटावे लागते.

दरम्यान कोंबडी परसातून निघून शेडमध्ये चालली होती. अमेरिकेच्या डेलावेअर राज्यातील ओशन व्ह्यू या गावच्या सेसिल स्टील या गृहिणीला १९२३ साली मागवलेल्या ५० पिल्लांऐवजी चुकून ५०० पिल्ले मिळाली. ती तिने मांसासाठी वाढवून विकली आणि तीनच वर्षांत १०,००० पक्ष्यांची शेड उभारली. आजच्या ब्रॉयलर व्यवसायाची सुरुवात सहसा या घटनेपासून सांगितली जाते. आहारातून 'ड' जीवनसत्त्व देता येऊ लागल्याने पक्ष्याला ऊन दाखवण्याचीही गरज उरली नाही. आता विष्ठा विखुरणे संपले आणि साचणे सुरू झाले. वास पहिल्यांदाच हजारांच्या पटीत मोजावा असा झाला.

त्यावर शोधलेला उपाय उलट्या दिशेचा होता. तोवरचा सर्वमान्य सल्ला वारंवार झाडून काढा, असा होता. ओहायो राज्यातील वूस्टर येथील कृषी प्रयोग केंद्रात डी. सी. केनार्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४० च्या दशकात जुना थर न काढता त्यावरच नवा भुसा घालत जाण्याची, तो वरखाली करत राहण्याची आणि थोडा विरलेला चुना मिसळण्याची पद्धत अभ्यासली. थर नीट राखला तर तो कुजत नाही, खतासारखा मुरतो. इतकेच नव्हे, तर प्राणिज प्रथिने नसलेल्या आहारावरही या मुरलेल्या थरावरच्या कोंबड्यांची अंडी चांगली उबत होती. त्या थरातील जिवाणू एक अज्ञात पोषणघटक तयार करीत होते. १९४८ मध्ये 'ब-१२' जीवनसत्त्व वेगळे केले गेले आणि या कोड्याची उकल झाली. ज्याला आपण घाण म्हणतो त्यातून कोंबडी आपले औषध टिपत होती. महाराष्ट्रातील पोल्ट्रीवाले आज जिला 'गादी पद्धत' म्हणतात ती याच कुळातली. भाताचे तूस किंवा लाकडाचा भुसा ४-५ इंच अंथरायचा, रोज-दोन रोजांनी हलवायचा, पाण्याची भांडी सांडू द्यायची नाहीत, आणि शेवटी कोंबडखत शेतकऱ्याला विकायचे.

पुढे १९९० च्या दशकात अमेरिकेतील आर्कान्सा येथे फिलिप मूर यांनी गादीत तुरटीच्या कुळातील ॲल्युमिनियम सल्फेट मिसळण्याचे प्रयोग केले. आम्लता वाढली की अमोनिया वायुरूपाने उडत नाही, अमोनियमच्या रूपात तिथेच बांधला जातो. यावरून आपल्या एका पारंपरिक उपायाची मर्यादाही कळते. चुना आणि राख दोन्ही आम्लाच्या उलट गुणाची. कोरड्या जागी ती ओल शोषतात आणि काम करतात. ओल्या, ताज्या विष्ठेवर मोठ्या प्रमाणात टाकली तर साठलेला अमोनिया एकदम मोकळा होऊन वास वाढतो. राख जुन्या माणसांनी सांगितली ती खोटी नव्हती, पण ती कोरड्या खुराड्यासाठी सांगितली होती.

शतकाच्या अखेरीस वर्तुळ पूर्ण झाले. बऱ्याच अमेरिकी शहरांनी बंद केलेली परसातील कोंबडी पाळीव सोबती म्हणून परत येऊ लागली. विस्कॉन्सिनमधील मॅडिसन शहराने २००४ मध्ये घरटी चार कोंबड्यांना मुभा दिली. अशा प्रत्येक शहरातील विरोधकांचा एक ठरलेला मुद्दा असतो, आणि तो म्हणजे वास. माणशी दोन कोंबड्या पाळण्याची हाक जिथे सरकारने दिली होती, तिथेच आता चार कोंबड्यांसाठी परवानगी मागावी लागत होती.

६

या सर्व इतिहासात एका नाकाचा विचार राहून गेला आहे, हे वाचकांच्या लक्षात आले असेलच. खुराड्यात चोवीस तास राहते ती कोंबडी. तिला काय वाटते?

हा प्रश्न विचारला गेला नाही याला एक शास्त्रीय निमित्तही होते. पक्ष्यांना वास जवळजवळ येत नाही, असा समज दीर्घकाळ रूढ होता. प्रसिद्ध पक्षिचित्रकार जॉन जेम्स ऑड्युबॉन यांनी गिधाडांवर केलेले आणि १८२६ मध्ये एडिंबरा येथे मांडलेले प्रयोग त्याला पुष्कळसे कारणीभूत झाले. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हा समज ढासळला. कोंबडीची पिल्ले ओळखीच्या आणि अनोळखी वासांत फरक करतात, हे १९८० च्या दशकातील प्रयोगांत दिसून आले.

सन २००० मध्ये प्रसिद्ध झालेला क्रिस्टेन्सन, वाथेस आणि सहकाऱ्यांचा इंग्लंडमधील प्रयोग मला या संपूर्ण इतिहासातील सर्वांत महत्त्वाचा वाटतो. त्यांनी अंड्यांवरच्या कोंबड्यांना वेगवेगळ्या हवेच्या कक्षांत स्वतः ये-जा करू दिली. एका ठिकाणी स्वच्छ हवा, दुसऱ्यांत दर दशलक्ष भागांत २५ आणि ४५ भाग अमोनिया. कोंबड्यांनी स्वच्छ हवा पसंत केली. तिथे त्या अधिक चरल्या, अधिक विसावल्या, तिथेच त्यांनी चोचीने पिसे अधिक विंचरली. ध्यानात घ्या, दर दशलक्ष भागांत २५ भाग ही अमेरिकेतील कामगार-आरोग्य संस्थेने माणसाच्या आठ-दहा तासांच्या पाळीसाठी सुचवलेली मर्यादा आहे. त्या पाळीनंतर माणूस घरी जातो.

युरोपीय संघाने २००७ च्या ब्रॉयलरविषयक निर्देशात, दाटीने पक्षी ठेवायचे असतील तर अमोनिया दर दशलक्ष भागांत २० भागांपेक्षा अधिक असू नये, अशी अट घातली. तो कुठे मोजायचा हेही तिथे स्पष्ट केले आहे : कोंबड्यांच्या डोक्याच्या उंचीवर. एका प्रशासकीय मजकुरातले हे चार शब्द वाचून मी थांबलो. चॅडविक यांचे नाक साडेपाच फुटांवर होते, विंडसरच्या पाहुण्यांचेही, आमच्या कार्यकारिणीचे तर पहिल्या आणि दुसऱ्या मजल्यावर. कोल्युमेलानंतर बऱ्याच काळाने कोणीतरी पुन्हा खाली वाकले होते.

या अटीने कारखानी कोंबडीचे आयुष्य सुखाचे झाले असा माझा दावा नाही. दाटी कायम आहे. अट आहे ती दाटी पत्करूनच. पण तक्रारदाराच्या जागी कोंबडीला उभे केल्याने प्रश्नाचे रूप बदलते. 'यांचा वास आम्हांला येतो' याऐवजी 'यांना आम्ही कसल्या वासात ठेवले आहे' असे म्हणावे लागते. पहिल्या वाक्याचा शेवट हकालपट्टीत होतो, दुसऱ्याचा दुरुस्तीत.

७

एका सकाळी मी तळमजल्यावर गेलो. मागची जागा मी इतकी वर्षे वरूनच पाहिली होती. बाईंनी खुराड्यावर पत्रा टाकला होता, खाली राख पसरली होती, पाण्याचे भांडे विटेवर ठेवले होते. कोल्युमेलाच्या यादीतले बहुतेक सारे तिथे होते. पण राखेचा चिखल झाला होता, कारण इमारतीच्या गच्चीवरून उतरणारा पावसाच्या पाण्याचा नळ सांध्यातून निखळला होता आणि त्याची धार थेट खुराड्याच्या दारात पडत होती.

'मावशी, हे कधीपासून?' मी विचारले.

'दोन पावसाळे झाले, सर. दोनदा सांगितलं कमिटीला. म्हणाले, खर्चाचं काम आहे, दिवाळीनंतर बघू.' मग थोड्या संकोचाने म्हणाल्या, 'वास मला नाही का येत? मी तर इथंच झोपते. आणि त्या बिचाऱ्या तर आतच.'

त्या संध्याकाळी कार्यकारिणीपुढे मी सूचनेचा मसुदा वाचला. तो बाईंना उद्देशून नव्हता. 'इमारतीच्या मागील बाजूस पावसाच्या पाण्याचा नळ निखळल्याने तळमजल्यालगत पाणी साचून दुर्गंधी निर्माण झाली आहे. तरी दुरुस्ती तातडीने करावी', असे त्याचे पहिले वाक्य होते. दुसऱ्या वाक्यात बाईंना विनंती होती, की दुरुस्तीनंतर ओली माती काढून टाकावी, तूस अंथरावे, आणि लाडू वळू लागला की बदलावे. एका सभासदांनी सुचवले, 'त्यापेक्षा फिनेल मारू.' वासावर वास टाकणे म्हणजे कोंबडे झाकून तांबडे फुटायचे थांबवणे, असे मी म्हणालो. थोडा हशा झाला. सचिवांनी विचारले, 'सर, तुम्ही तक्रार लिहायला गेला होता ना?' तक्रारच लिहिली आहे, असे मी सांगितले.

नळ बसला. तुसाची दोन पोती आली. त्यांतल्या एकाचे पैसे दुसऱ्या मजल्यावरच्या तक्रारदारांनीच दिले. दमट, वारा पडलेल्या दुपारी अजूनही किंचित वास येतो आणि एक खिडकी अजूनही बंद असते. ते बिऱ्हाड कदाचित कधीच समाधानी होणार नाही, आणि वास न सोसण्याचा त्यांचा हक्क मी नाकारत नाही. पण चारही कोंबड्या आहेत. पडवीच्या कोपऱ्यात बाईंनी एका जुन्या घमेल्यात कोरडी माती आणि राख कालवून ठेवली आहे. तिसऱ्या प्रहरी त्या तिथे अंग घुसळतात.

माझा पहिला मसुदा मी जपून ठेवला आहे. पुढच्या सत्रात विभक्तीप्रकरण शिकवताना षष्ठीचे उदाहरण म्हणून तो फळ्यावर लिहायचा विचार आहे.